ऊन दाखवलेलं पाणी

“एकशे अकरा... एकशे बारा... ए निषाद, हा तू मोजलास की मी?”

“मी नाही मोजला. तूच मोज बाई. मला आता बघवत नाहीये.”

“मग एकशे तेरा!” असं म्हणत जुईलीनं गाळणीनं उचललेली बोटभर मासोळी हळूच केळीच्या पानावर ठेवली.

दिवाळीची सुट्टी लागून जेमतेम दोन दिवस झाले होते. सुट्टीत काय काय करायचं याची निषादनं एसटीतच यादी केली होती. डोंगरावर जायचं, डोहात डुंबायचं, किल्ला बांधायचा आणि उरलेल्या वेळात झोपायचं. भर दुपारी मेलेले मासे मोजायचे, असं त्या यादीत कुठंही नव्हतं!

निषाद आणि जुईली ही भावंडं मूळची धाराशिवची. वडिलांची नोकरी हिंजवडीला, आईची विद्यापीठात, म्हणून लवळ्यात भाड्यानं राहायची. त्यांचे घरमालक म्हणजे अपेक्षाचे मामा. अपेक्षाही शाळेसाठी मामाकडंच राहत होती. ती आठवीत, निषाद सातवीत आणि जुईली चौथीत. चौथीतली असली तरी तोंड मात्र दहावीतलं! सुट्टी लागताच अपेक्षानं दोघांना आपल्या गावी आणलं होतं. पौड सोडून ताम्हिणीच्या दिशेनं निघालं, की डाव्या हाताला डोंगराच्या कुशीत जी चाळीस-पन्नास घरं दिसतात, ती खांडेवाडी.

खांडेवाडीला एक तळं आहे. अपेक्षाच्या लीलाकाकीनं गावातल्या सात बायकांना गोळा करून तिथं मत्स्यपालन सुरू केलं होतं. तळ्याच्या शेजारी एक उथळ, छोटं तळं खणून घेतलं होतं. तालुक्याहून आणलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, आधी या छोट्या तळ्यात वाढवायची आणि मोठी झाली की मोठ्या तळ्यात सोडायची. छोट्या तळ्याला ओढ्याचं पाणी पाइपनं यायचं. सगळं कसं व्यवस्थित! पण आज सकाळी धडधाकट पोहणारी पिल्लं दुपारी पोट वर करून तरंगायला लागली होती.

लीलाकाकी काठावर बसली होती. एरवी तिचा आवाज पार वरच्या आळीपर्यंत ऐकू जायचा. आज ती गप्प होती.

“काकी, रोज अशी मरतात का गं?” अपेक्षानं विचारलं.

“रोज न्हाई. दोन दिवस झ्याक असत्यात. तिसऱ्या दिवशी बघावं तर ही अशी. ही दुसरी खेप. पयली पण अशीच गेली.” काकीनं पदरानं तोंड पुसलं. “रविवारी तालुक्याचं साहेब तिसरी खेप घिऊन यायचंत. त्याच दिवशी ग्रामसभा हाय. बायांच्यानं होत न्हाई तर तळं सोडा म्हणत्यात. वर तंबूंचं शिबिर हुतंय, त्यास्नी होड्या सोडाया तळं पायजेल हाय.”

“असं कसं सोडा म्हणतात? तळ्यातला गाळ तुम्ही आठ जणींनी काढलाय!” अपेक्षा चिडली.

“लोक म्हणत्यात, लीलाचा हातच वाईट. माझ्या हातनं खाद्य पडलं की पिल्लं मरत्यात म्हणं. आता मलाच तसं वाटाया लागलंय. काल मी खाद्य टाकलंच न्हाई, दुसरीला टाकाय लावलं.”

हे ऐकून जुईलीनं तर गाळणी खालीच ठेवली.

“हात कसा वाईट असेल? पाण्यातच काहीतरी असणार,” निषाद म्हणाला.

“पाणी पंचायतीनं तपासलंय, बाळा. चोख हाय. जाऊन बघ, कपाटावर बरणी ठेवलीया.”

आता कपाटावरची बरणी बघितल्याशिवाय ही तिघं कसली घरी जातायत!

ग्रामपंचायतीच्या खोलीत सरपंच साधनाताई कागदांच्या ढिगात बसल्या होत्या. मागं लोखंडी कपाट आणि त्यावर, खिडकीपासून लांब, एक काचेची बरणी. बरणीत दोन मासोळ्या मजेत गोल गोल फिरत होत्या.

“या, या! बरणी बघायला आलात ना? सगळं गाव येऊन गेलंय,” साधनाताई हसल्या. “आपल्याकडं जुनी पद्धत आहे बघा. विहीर उपसली किंवा झरा मोकळा केला, की त्यात मासा सोडायचा. आठ दिवस जगला तर पाणी चांगलं. या दोघी आज नववा दिवस जगतायत.”

“पण हे पाणी कुठलं?” अपेक्षानं विचारलं.

“नरहरी सुताराकडचं. वरच्या शिबिरासाठी लाकडी खांब करतोय तो. खांबांना काळं तेल लावतो आणि धुतो, ते पाणी ओढ्यात जातं. म्हणून मला शंका आली. मी म्हटलं, नुकतंच खांब धुतलेलं, अगदी ताजं पाणी दे. त्यानं लगेच दिलं बिचाऱ्यानं! त्यात सुद्धा मासे जगले. मग आता दोष द्यायचा तरी कुणाला?”

साधनाताईंनी उसासा टाकला. लीलाकाकीला दोष द्यायला त्यांनाही आवडत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, तिघं ओढ्याच्या कडेनं वर निघाली. जुईलीनं खिशात दोन चकल्या टाकल्या होत्या. “शोधमोहिमेत भूक लागते,” तिचं म्हणणं! पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले होते. भाताच्या खाचरांना सोनेरी रंग चढला होता आणि ऊन असं कडक पडलं होतं, की निषादनं डोक्यावर रुमाल बांधला.

“माझा अंदाज सांगू? उन्हानं पाणी तापत असणार. छोटं तळं उथळ आहे,” तो म्हणाला.

“मग दोन दिवस मजेत आणि तिसऱ्या दिवशी मरण, असं का? ऊन काय तिसऱ्या दिवशीच पडतं?” अपेक्षानं विचारलं.

“हां... ते पण आहेच म्हणा.”

शिबिराच्या जागेच्याही वर ओढ्यात एक उथळ डोह आहे. तिघं आधी तिथवर गेली. डोहावर झाडाची फांदीही नव्हती, दिवसभर लख्ख ऊन. तरी तळाशी बोटाएवढे मासे झुंडीनं फिरत होते.

“बघ! इथं पण ऊनच आहे,” अपेक्षा म्हणाली. “इथले मेले नाहीत. म्हणजे जे काही होतंय, ते इथून खाली.”

शिबिराची जागा अजून रिकामीच होती. इथून खाली काम चालू असलेलं ठिकाण होतं एकच, नरहरी सुताराचा मांडव!

नरहरी हा काही डोळे वटारणारा, मिशा पिळणारा दुष्ट माणूस नव्हता. उलट मुलांना बघून तो खूशच झाला. त्याच्या मांडवाभोवती सागाचे आणि ऐनाचे खांब रचलेले होते, सगळे काळेकुळकुळीत. एका लांब चरात गाड्यांचं जळकं ऑइल आणि डांबर यांचं दाट मिश्रण होतं. बाजूला अंगणाएवढा पसरट खड्डा होता, प्लास्टिकचा कागद अंथरलेला. त्यात नरहरी खांब धूत होता. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग तरंगत होता.

“काका, हे असं काळं कशाला करता?” जुईलीनं विचारलं.

“अगं, ह्ये मुळशीचं पाणी! चार महिनं नुसता पाऊस. खांब असाच रोवला तर वाळवी खाती न्हायतर कुजतो. माझा आजा गोठ्याच्या मेढींना, म्हंजी खांबांना, ह्येच लावायचा. खांडेवाडीत एक घर दाखव मला, जितं ह्ये लावलं न्हाई!”

“मग धुता कशाला?”

“पाव्हण्यांच्या कपड्यास्नी काळं लागाय नको म्हणून. वरचं वरचं धुऊन टाकतो.”

“आणि हे पाणी लगेच ओढ्यात सोडता?” निषादनं डोळे बारीक केले.

नरहरी दुखावला. “मला काय येडा समजलास व्हय? असंच घाण पाणी सोडीन मी? दोन दिवस उन्हात ठेवतो. वरचा तवंग पोत्यानं टिपून घेतो. चांगलं ऊन दाखवतो, मग बोळा काढून सोडतो. उन्हानं सगळं जळून जातं! तुझी आई गाद्या उन्हात टाकती का न्हाई? लोणच्याची बरणी? का टाकती? उन्हासारखं औषध न्हाई, पोरा.”

खांडेवाडीत पाऊस संपला, की घरातलं सगळं उन्हात येतं. गाद्या, गोधड्या, पाट, देव्हाऱ्यातली वस्त्रं. उन्हाला वाईट म्हणणारा माणूस पंचक्रोशीत सापडायचा नाही. तिघं आल्या पावली परत फिरली.

अर्ध्या वाटेवर चकलीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकत जुईली म्हणाली, “पण काय गं अपेक्षाताई, त्या बरणीतल्या माशांना ऊन कुठं मिळालं?”

“कुठल्या?”

“कपाटावरच्या. ते तर ताजं पाणी होतं ना? ऊन न दाखवलेलं?”

अपेक्षा वाटेतच थांबली. निषाद तिच्या पाठीवर आदळला.

“निषाद! अरे, पंचायतीनं ताजं पाणी तपासलं! सगळ्यांना वाटलं, ताजं म्हणजे सगळ्यात घाण. त्यात मासा जगला म्हणजे उन्हातलं आणखी चोख. पण ओढ्यात तर उन्हातलं पाणी जातं. ते कुणी तपासलंच नाही!”

“म्हणजे तुला म्हणायचंय, ऊन दाखवल्यावर पाणी वाईट होतं? उलटंच?”

“मला काही म्हणायचं नाहीये. मला बघायचंय!”

दिवस मोजले तर तेही जुळत होते. नरहरी दर तिसऱ्या दिवशी खड्ड्याचा बोळा काढायचा आणि बोटुकलीच्या दोन्ही खेपा तिसऱ्याच दिवशी गेल्या होत्या. तिघं पळत पुन्हा मांडवात गेली आणि नरहरीकडून नुकतंच धुतलेलं पाणी कॅनभर मागून आणलं. “न्या की! पायजेल तेवढं न्या!” तो म्हणाला.

दुपारी अपेक्षाच्या घरी गुप्त बैठक भरली. मासे वापरायचे नाहीत, हे अपेक्षानं सुरुवातीलाच बजावलं. “एकशे तेरा मेलेत, तेवढे पुरे.”

“मग मरायला कोण तयार होईल?” निषादनं डोकं खाजवलं.

“डासांच्या अळ्या!” जुईली ओरडली. “काल रात्री मला सतरा ठिकाणी चावलेत. माझी काहीएक हरकत नाही!”

सगळे खो खो हसले, पण कल्पना झकास होती. गोठ्यामागच्या जुन्या टायरमध्ये वळवळणाऱ्या अळ्या हव्या तेवढ्या होत्या. फक्त एक अडचण होती. पाण्यावर तेलाचा तवंग असला, की अळ्यांना वर येऊन श्वास घेता येत नाही आणि त्या गुदमरून मरतात, हे शाळेत शिकवलं होतं. म्हणून निषादनं वर्तमानपत्राचा कागद पाण्यावर टेकवून टेकवून तवंग पूर्ण टिपून काढला. मग तीन बरण्या भरल्या. पहिलीत नरहरीचं ताजं पाणी, ती माळ्यावर गोधड्यांमागं अंधारात. दुसरीत तेच पाणी, ती गच्चीवर उन्हात. तिसरीत वरच्या डोहातलं स्वच्छ पाणी, तीही उन्हात.

“तिसरी कशाला?” जुईलीनं विचारलं.

“उद्या कुणी म्हणालं, की अळ्या उन्हाच्या तापानं मेल्या, तर? मग तिसरीतल्याही मरायला हव्यात!” निषाद म्हणाला.

“हुशार आहेस रे तू! दिसत नाहीस, पण आहेस.”

दोन दिवस उन्हात ठेवायचं, शनिवारी अळ्या सोडायच्या, रविवारी ग्रामसभेत दाखवायचं. बेत पक्का! शुक्रवारी दिवसभर तिघांनी अंगणात किल्ला बांधला, पण दर तासाला कुणीतरी गच्चीवर चक्कर मारून यायचं.

आणि शनिवारी सकाळी गच्चीवर बरण्याच नव्हत्या!

“आई! गच्चीवरच्या बरण्या कुठं गेल्या?” अपेक्षा स्वयंपाकघरात धावली.

अनसूयाबाई, म्हणजे अपेक्षाची आई, परातीत चिवडा कालवत होत्या. “त्या व्हय? किती घाण पाणी साठवलं हुतं गं त्यात! चिवड्याला बरण्या कमी पडाय लागल्या, म्हणून घासून पुसून घेतल्या. ह्या काय, भरल्या पण!”

समोर दोन चकचकीत बरण्या काठोकाठ चिवड्यानं भरलेल्या! जुईलीचे डोळे भरून आले. पुन्हा दोन दिवस ऊन दाखवायला वेळ कुठं होता? ग्रामसभा उद्या सकाळी दहाला. लीलाकाकीचं तळं उद्या जाणार.

“गोधड्यांमागची बरणी तरी आहे का?” अपेक्षानं विचारलं. निषाद माळ्यावर चढला. ती सुखरूप होती. पण नुसती ताज्या पाण्याची बरणी घेऊन काय करायचं? ती तर पंचायतीतही होतीच.

“डोहातलं पाणी आत्ता आणता येईल, ते रोज उन्हातच असतं,” निषाद बोटं मोजत म्हणाला. “पण ऊन दाखवलेलं नरहरीकाकाचं पाणी...” आणि तो एकदम ओरडला. “अगं, आज तिसरा दिवस! त्याचा अख्खा खड्डा दोन दिवस उन्हातच आहे!”

“आणि आज तो बोळा काढणार!” अपेक्षा किंचाळली. “पळा!”

अशी धाव त्यांनी शाळेच्या शर्यतीतही घेतली नव्हती. खाचरांच्या बांधावरून, करवंदीच्या जाळीतून, ओढ्यातल्या दगडांवरून. जुईलीची एक चप्पल चिखलात राहिली, ती तिनं तशीच सोडली. तिघं मांडवात पोचली, तेव्हा नरहरी खड्ड्याच्या कडेला वाकून बोळ्याला हात घालत होता.

“काका, थांबा!”

“काय रं, काय झालं?”

धापा टाकत निषाद म्हणणार होता, की हे पाणी विषारी आहे. पण अपेक्षानं त्याचा हात दाबला. नरहरीच्या पाण्याला विषारी म्हटलं असतं, तर त्यानं रागानं बोळा काढूनच टाकला असता. आणि खोटं बोलायचं तिच्या जिवावर येत होतं. मग तिनं सरळ खरं तेच सांगितलं, फक्त जरा वेगळ्या बाजूनं.

“काका, पंचायतीत तुमचं ताजं पाणी ठेवलंय. पण तुम्ही एवढी मेहनत घेऊन जे उन्हात ठेवता, ते कुणी तपासलंच नाही. उद्या ग्रामसभेत सगळ्यांसमोर तपासू या. चांगलं निघालं तर तुमच्यावर कुणी कधी शंका घेणार नाही. आणि नाही निघालं तर... तर ते पण कळेल. फक्त उद्यापर्यंत बोळा काढू नका.”

नरहरीनं मान खाजवली. मग त्याच्या तोंडावर हसू आलं. “पोरगी बोलती बरोबर! न्या पाणी. मी सोता ग्रामसभेला येतो. एक दिवसानं काय बिघडतंय?”

दुपारी तीन बरण्या साधनाताईंच्या टेबलावर मांडल्या गेल्या. घरातल्या दोन बरण्या चिवड्यात अडकलेल्या, म्हणून साधनाताईंनी आपल्या घरून दिल्या. तवंग पुन्हा टिपून घेतला. प्रत्येकीत वीस अळ्या सोडल्या, त्या साधनाताईंनी स्वतः मोजल्या. मोजता मोजता त्यांनी तीनदा “शी!” म्हटलं. मग बरण्यांच्या तोंडांना फडकं बांधलं, त्यावर पंचायतीचा शिक्का मारला आणि खोलीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

“आता कुणी म्हणायचं नाही, पोरांनी काही केलं म्हणून,” त्या म्हणाल्या. “पण मुलांनो, उलटं निघालं तर? लीलाबाईवर आणखीच यायचं.”

हा विचार अपेक्षानंही केला होता.

रविवारी शाळेच्या पटांगणात गाव जमलं. पुरुष पुढं, बायका कडेला. लीलाकाकी सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून. तालुक्याचे मत्स्य अधिकारी जनार्दनसाहेब जीपमधून आले होते. जीपमध्ये प्राणवायू भरलेल्या मोठ्या पिशव्या होत्या आणि पिशव्यांत तिसरी खेप. “गावानं नाही म्हटलं, तर मी या परत घेऊन जाईन,” त्यांनी शांतपणे सांगितलं.

साधनाताईंनी सर्वांसमोर शिक्के तोडले.

पहिली बरणी, ताजं पाणी, अंधारात ठेवलेलं. त्यांनी मोजलं. “एकोणीस जिवंत.”

तिसरी बरणी, डोहातलं उन्हातलं पाणी. “वीस. सगळ्या जिवंत!”

मग त्यांनी मधली उचलली. ऊन दाखवलेलं पाणी. त्यांनी पुन्हा पुन्हा मोजलं. “तीन,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तीनच हलतायत. बाकी सतरा तळाला.”

पटांगणात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, “असं कसं? ऊन दाखवलेलं पाणी वाईट?” नरहरी पुढं आला. त्यानं बरणी हातात घेतली, उजेडाकडं धरली, पुन्हा पुन्हा फिरवून बघितली. त्याचा चेहरा उतरला होता.

“ह्ये माझं चांगलं केलेलं पाणी,” तो म्हणाला. “मी तर चांगलं कराय ठेवत हुतो हो.”

जनार्दनसाहेब उठले. आधी त्यांनी तिघांना विचारलं, तवंग कसा काढला, तिसरी बरणी कशाला ठेवली, बरण्या रात्रभर कुठं होत्या. अपेक्षानं सगळं सांगितलं, चिवड्यासकट! पटांगण हसलं.

“यांनी केलं ते बरोबर आहे,” साहेब म्हणाले. “ऊन रसायनाला तोडतं, हे नरहरींचं खरंच आहे. कितीतरी रसायनं उन्हात तुटून निरुपद्रवी होतात. पण तोडलं म्हणजे संपलं असं नाही. जे तुकडे होतात, ते कधीकधी मूळच्यापेक्षा जहरी निघतात. डांबरात आणि जळक्या तेलात असे काही घटक असतात. आधी ते पाण्यात फारसे मिसळत नाहीत, तेलातच राहतात. उन्हानं तुटले की पाण्यात विरघळतात, दिसतही नाहीत आणि माशांच्या अंगात जातात. इथं नक्की काय झालंय, ते प्रयोगशाळा सांगेल. मी तिन्ही पाण्यांचे नमुने घेऊन जातो. तोवर तो खड्डा झाका आणि त्यातला एक थेंबही ओढ्यात जाऊ देऊ नका.”

“न्हाई जायचा,” नरहरी म्हणाला. मग तो वळला आणि पार मागं भिंतीपाशी गेला. “लीलावहिनी, तुमची पिल्लं माझ्यामुळं गेली. मी काय जाणूनबुजून...”

लीलाकाकी त्याच्याकडं बघत होती. मग तिनं आपले दोन्ही हात समोर धरले, उलटसुलट करून बघितले आणि तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले. अपेक्षा तिला जाऊन बिलगली.

आता तळं बायकांकडंच राहणार, हे सांगायला कुणाच्या हात वर करण्याची गरजच नव्हती. तरी साधनाताईंनी रीतसर विचारलं आणि पटांगणभर हात वर झाले. “शाबास रे पोरांनो!” कुणीतरी ओरडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. निषाद लाजून लाल झाला. जुईलीनं मात्र वाकून सगळ्यांना नमस्कार केला!

“मी पंधरा वर्षं माशांचं काम करतोय,” जनार्दनसाहेब तिघांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. “पण ऊन दाखवलेलं पाणी तपासायचं माझ्याही डोक्यात आलं नसतं. पुढच्या महिन्यात आमच्या कार्यालयात या, सूक्ष्मदर्शकाखाली पाणी दाखवतो.”

सभा संपली असं वाटून लोक उठायला लागले.

“थांबा,” लीलाकाकी म्हणाली.

आजवर ती ग्रामसभेत कधी बोलली नव्हती. तिनं डोळे पुसले आणि भिंत सोडून ती चालत पुढं आली, पुरुषांच्याही पुढं.

“पंधरा दिस तुमी मला बोलला, मी ऐकून घेतलं. आता माझं ऐका. एकट्या नरहरीभावजींला कुणी बोलायचं न्हाई. माझ्या गोठ्याच्या मेढींना बी त्योच काळा रंग हाय. मी सोता लावलाय, आन हात ओढ्यातच धुतलेत. तुमी समद्यांनी धुतलेत. आजपास्नं तेलाचा हात, तेलाचा डबा, तेलाचं फडकं ओढ्यावर न्यायचं न्हाई. कुणी नेलं तर मी त्याच्या दारात जाऊन बसंन!”

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी मान डोलावली. “व्हय, बरोबर हाय,” त्यातला एक म्हणाला.

मग काकी वळली ती थेट जीपकडं. तिनं पदर खोचला, पहिली पिशवी दोन्ही हातांनी कवेत घेतली आणि खणखणीत आवाजात ओरडली, “अगं ए अपेक्षा! बघत काय राह्यलीस? बाकीच्या पिशव्या आण! छोट्या तळ्यात अजून ते वाईट पाणी हाय, ही खेप आज वरच्या डोहात सोडायची. आन ऐक, पयलं खाद्य मीच टाकणार!”

तो आवाज पार वरच्या आळीपर्यंत गेला.